काठीचा मान आणि गोमाचा कोठा

माणसानं हेवा करावा, पण कशाचा करावा याला काही धरबंध असावा. कुणी शेजाऱ्याच्या बैलजोडीकडे बघून जळतो, कुणी भावाच्या खाचरावर डोळा ठेवून असतो. कळंबपलीकडच्या डोंगरकुशीतल्या एका गावात राहणारा गोमा मात्र आपल्या चुलतभावाच्या पोटाचा हेवा करत होता. पोट मोठं होतं म्हणून नव्हे. रोज सकाळी साफ होत होतं म्हणून. हसायला येतंय ना? ज्याचा कोठा रोज विनातक्रार साफ होतो त्याला येणारच. बाकीच्यांना गोमा बरोबर कळेल.

गोमा थोरल्या घरचा आणि हा चुलतभाऊ धाकलू धाकट्या घरचा. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण, तेही निम्मं मोडलेलं. सकाळी उजाडायच्या आत गावातले पुरुष तांब्या घेऊन नदीकडे निघत, त्यात हे दोघंही असायचे. धाकलू करंजाच्या झाडामागे गेला की गेला म्हणेपर्यंत परत यायचा, वर गाणं गुणगुणत. आणि गोमा दुसऱ्या करंजामागे बसलेलाच. गावची माणसं परतायची, गुरं रानात जायची, पायांना मुंग्या यायच्या, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी ऊन डोक्यावर आल्यावर तो गेला तसाच भरलेल्या पोटानं घरी यायचा. विहिरीवरच्या बाया पदराआड तोंड करायच्या. गोमाला त्या बायांचा राग येत नसे. राग यायचा धाकलूच्या त्या गुणगुणण्याचा.

हे असं आधीपासून नव्हतं. नांगर धरत होता तोवर गोमाचंही पोट शहाण्यासारखं वागायचं. पण आगगाडी घाट चढायला लागली, माथेरानावर साहेबलोकांचे बंगले वाढले, बंगल्यांमागोमाग घोडी वाढली, आणि घोड्यांना गवत लागतं हे गोमाच्या गावात सगळ्यांत आधी ध्यानात आलं. त्यानं गवताचा मक्ता घेतला. पुढं काय सांगावं? शेत गड्यांकडे गेलं, गोमा ओट्यावर लोडाला टेकून बसला. एक म्हातारं तट्टू घेतलं आणि पाय जमिनीला लागेनासे झाले. जेवणात भात, तोही सडून सडून मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा केलेला. पाणी म्हणाल तर पान खाल्ल्यावर चूळ भरण्यापुरतं.

"अवो, जरा नाचणीची भाकर खावा," त्याची बायको चंद्राबाई म्हणायची. "आदी खात व्हतात तवा कंदी अडलं नाय."

"नाचनी गडीमानसांनी खायाची," गोमा म्हणायचा. "मक्तेदारानं नाय."

मक्तेदारानं मग मक्तेदाराला शोभतील असे उपाय केले. एरंडेल प्यायला, एक दिवस असा रिकामा झाला की आडवाच पडला, आणि मग पुन्हा जैसे थे. हिरडा चघळला. माथेरानावर साहेब म्हणे भोक पाडलेल्या खुर्चीवर बसतात, असं कानावर आलं तेव्हा सुताराकडून तशी खुर्ची करून घेतली. तिच्यावर बसून ओट्यावर बसल्यासारखंच वाटलं आणि पोटालाही तसंच वाटलं असावं, कारण ते जागचं हललं नाही. त्या खुर्चीत पुढं कोंबडी अंडी घालायला लागली. तिला मात्र कधी वेळ लागला नाही.

शेवटी तट्टावर बसून तो कर्जतच्या वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग अंगणात बांधलेलं तट्टू पाहिलं.

"औषध नको तुम्हांला," ते म्हणाले. "चालत जा. उठल्यावर तांब्याभर पाणी प्या. भाकरी खा, पाला खा, आणि त्या ओट्यावरून उठा. पोटाला घाई करू नका, म्हणजे ते तुम्हांला ताटकळत ठेवणार नाही."

गोमा तोंड पाडून परत आला. पुडी न देणारा वैद्य तो कसला वैद्य! चालायला सांगायला काय, आमची चंद्रीही सांगते.

एवढ्यावर राहिलं असतं तर ही एका घरची रड झाली असती. पण त्या गावात चैत्री पुनवेला गावदेवीची काठी निघायची. उंच बांबू, त्याला पताका, टोकाला मोरपिसं. मानकऱ्यानं पहाटे नदीत बुडी मारायची, ओल्या धोतरानं काठी खांद्यावर घ्यायची आणि टेकडीवरच्या देवळापर्यंत न्यायची. वाटेत काठी जमिनीला टेकायची नाही, की मानकऱ्यानं बाजूला जायचं नाही. म्हणून नदीत उतरायच्या आधी पोट रिकामं हवं, ही देवीची अट. मान पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या घरचा, म्हणजे गोमाचा.

गेल्या साली गोमा करंजामागे बसला तो बसलाच. ढोल सुरू झाला. "गोमा, ये रं बाबा!" कान्हा गुरवानं हाळी दिली. "आलो, आलो," झाडामागून आवाज आला, माणूस काही आला नाही. सगळा गाव नदीकाठी उभा राहून एका झाडाकडे बघत होता. पोरीबाळी फिदीफिदी हसत होत्या. सूर्य वर यायला लागला तसा कान्हा म्हणाला, "आई कुनाच्या पोटासाठी थांबत नाय." धाकलू न्हाऊन उभाच होता. काठी त्याच्या खांद्यावर गेली. गोमा धोतर सावरत बाहेर आला तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरून मोरपिसं डुलत वर चालली होती.

ज्यानं काठी नेली त्याच्या घरी ती वर्षभर राहायची, ही रीत. धाकलूनं ती आपल्या पडवीत आढ्याला आडवी बांधली. देवळापुढं ती रोवली तेव्हा तो लहान पोरासारखा रडला होता म्हणे, आणि आता ऊठसूट तिला तेल चोळत बसायचा. गोमाच्या ओट्यावरून ते सगळं दिसायचं. धाकलू चिंधी तेलात बुडवायचा, बांबूवरून मायेनं फिरवायचा, आणि इकडे गोमाच्या छातीत कुणी तरी वळ उठवल्यासारखं व्हायचं. आपली काठी! आपल्या बापानं, आज्यानं खांद्यावर वाहिलेली! आणि गेली कशापायी, तर हे असं, चारचौघांत सांगताही येऊ नये अशा कारणापायी.

शिमगा झाला आणि पंच बसले. दरसाल तंटा नको, ते म्हणाले. यंदा दोघा भावांपैकी जो आधी न्हाऊन ओल्या धोतरानं कान्हा गुरवापुढं उभा राहील, काठी त्याची, आणि पुढं कायमची त्याच्या घरची. गोमा घरी येऊन लोडावर पडला आणि भिंतीकडे तोंड करून राहिला.

पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एकाच आज्याचे आपण नातू. त्याचं पोट असं, माझं असं, हे होतंच कसं? धाकलूकडे काही तरी औषध आहे! डोंगरातल्या ठाकरांकडून आणलेली मुळी असेल, नाही तर एखादा पाला. आणि भाऊ तडफडतोय हे दिसत असून गडी गप्प बसलाय! ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल, ही जगाची रीत. पण भाऊबंदाकडे ओवा मागण्यापेक्षा गोमा फुटून मेला असता. मागायचं नाही, चोरायचं, असं त्यानं ठरवलं. त्यासाठी धाकलूवर पाळत ठेवायला हवी होती.

पहिल्या दिवशी तट्टावरून निघाला. तट्टानं धाकलूला लांबून पाहिलं आणि आनंदानं खिंकाळलं. धाकलू येताजाता त्याला मूठभर गवत घालायचा, हे गोमाला त्या दिवशी कळलं. गवत आपलं, तट्टू आपलं, आणि जीव लावलाय त्याला! दुसऱ्या दिवसापासून तट्टू घरी राहिलं आणि गोमा पायी निघाला.

धाकलूचं वालाचं शेत पार डोंगराच्या पायथ्याशी होतं. धाकलू पुढं, गोमा बराच मागं, झाडाआडून झाडाआड, धापा टाकत. धाकलू शेतात कामाला लागला की गोमा बांधावरच्या करवंदीच्या जाळीमागे दबा धरून उकिडवा बसायचा. मांडी घालायला काट्यांनी जागा ठेवली नव्हती. लोडाला सोकावलेल्या पोटऱ्या ओरडायच्या, पण नजर हटत नव्हती. धाकलू सकाळी आल्या आल्या झऱ्याला तोंड लावून पोटभर पाणी प्यायचा. अस्सं! म्हणजे झरा! तो कामात गढला की गोमा सरपटत झऱ्यावर जायचा आणि पोटाला तडस लागेपर्यंत प्यायचा.

मग फडक्यात बांधून आंब्याच्या फांदीला अडकवलेली भाकरी. मुळी असली तर हिच्यातच असणार. गोमानं हळूच एक तुकडा काढला. नाचणीची, आत शेवग्याचा पाला मळलेला, सोबत वालाची उसळ. मुळीची चव लागते का म्हणून त्यानं घास नीट चावून चावून खाल्ला. लागली नाही. म्हणून आणखी एक तुकडा खाल्ला. तरी लागली नाही. अशी तपासणी करता करता अर्धी भाकरी संपली.

दुसऱ्या दिवशी फडक्यात भाकऱ्या जास्त होत्या. "काय खादाड हाय!" गोमा मनात म्हणाला. "आनि त्याची भागूबाय पन थापते कशी बगा, मऊसूत, वर तेलाचा हात फिरवून." आता धाकलूच्या पोटाबरोबर धाकलूच्या बायकोचाही हेवा वाटायला लागला. घरी येऊन त्यानं चंद्राबाईला फर्मावलं, "रातच्याला नाचनीची भाकर कर. पाला घालून."

"का वो? मक्ता गेला का?"

"चव बगायची हाय. तुला काय करायचंय?"

चंद्राबाईनं भाकरी थापली. तिला नवऱ्याच्या करवंदीतल्या मुक्कामाची कुणकुण लागली होती. "दुसऱ्याच्या पोटाकडं बगून आपलं पोट साफ झाल्यालं मी तरी आयकलं नाय," एवढंच ती चुलीकडे तोंड करून म्हणाली.

आणि धाकलू तरी सरळ वाटेनं जाईल तर शपथ. हल्ली तो नदीवरून टेकाडाला वळसा घालून, चढ चढून, लांबच्या लांब जायला लागला होता. "बैल कुटला!" गोमा शिव्या घालत मागं चालायचा. मध्येच धाकलू झाडाखाली थांबायचा, तंबाखू मळत उगाच आभाळाकडे बघायचा. गोमा दम खात पोचला की हा पुन्हा निघाला. मुळी हुडकायलाच एवढं फिरतोय, याबद्दल गोमाला शंका उरली नाही.

आणि एका सकाळी करवंदीमागे पाळत चालू असताना गोमाच्या पोटात गुरगुरलं. आधी त्यानं दुर्लक्ष केलं. मग दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट ती राहिली नाही. तो पाळत सोडून ओढ्याकडे पळाला, आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. अंगावरून कुणी तरी धोंडा उतरवून ठेवला होता. वारा किती छान सुटलाय! पळस किती लाल फुललाय! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ओट्यावर गवतवाल्या गड्यांवर खेकसणं बंद झालं. रात्री झोप लागायला लागली.

"चोरली!" त्याला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. "धाकल्याची मुळी धाकल्याच्याच भाकरीतून चोरली!" औषध सापडलं होतं, म्हणजे वैर संपायला हरकत नव्हती. पण संपलं नाही, उलट वाढलं. कारण आता गोमाला पहिल्यांदा नीट कळलं की हे सुख काय असतं, आणि हा धाकल्या ते जन्मभर, रोज सकाळी, फुकट भोगत आला होता!

चैत्री पुनव आली. गोमा सगळ्यांच्या आधी नदीवर गेला, करंजामागे बसला, आणि पोट अडलं.

भीतीनं अडलं. काठी कायमची जाईल, या धास्तीनं आतलं सगळं गोळा होऊन बसलं. त्यानं श्वास कोंडला, दात आवळले, देवीची करुणा भाकली. पूर्वेला फटफटलं. नदीकाठी माणसं जमायला लागली, कान्हानं ढोलावर थाप टाकली. गेल्या सालीही असंच झालं होतं. गोमाच्या अंगाला दरदरून घाम सुटला.

पानांतून त्याला पलीकडे धाकलू दिसला. झाला असणार याचा कार्यक्रम केव्हाच! तांब्या उपडा घालून, हात धुऊन तो एका खडकावर निवांत बसला होता आणि दातवण चावत होता. नदी पुढ्यात होती. उतरायचं, बुडी मारायची, कान्हापुढं उभं राहायचं, संपलं. पण पठ्ठ्या हलत नव्हता. मजा बघत बसलाय, गोमाला वाटलं. माझी फजिती डोळे भरून बघितल्याशिवाय याचं समाधान व्हायचं नाही.

तेवढ्यात धाकलू, मान न वळवता, अगदी हळू आवाजात बोलला.

"दादा, जोर नको करू. करवंदीमागं बसायचास ना, तसा बस. सावकाश व्हऊ दे. मी काय उटत नाय हितनं."

गोमाच्या पायाखालची वाळू सरकली. करवंदीमागं! म्हणजे याला ठाऊक होतं. कधीपासून? आणि मग एकेक गोष्ट त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. फडक्यातल्या वाढलेल्या भाकऱ्या. टेकाडाचा तो लांबचा वळसा. झाडाखालचं थांबणं. मुळी कसली नि पाला कसला! वैद्यबुवांनी सांगितलेलं, बायकोनं सांगितलेलं, ते सगळं या माणसानं बैलाला वैरण दाखवत न्यावं तसं त्याच्याकडून करून घेतलं होतं, आणि एका अक्षरानं कुठं बोलला नव्हता. गोमाला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त आला. उपकार! भाऊबंदाचे उपकार, तेही पोटावर! त्या संतापात तो पोटाला विसरला, आणि तो विसरला तसं पोटानं गुपचूप आपलं काम केलं.

पुढचं त्यानं कसं केलं त्याचं त्याला माहीत. नदीत बुडी मारली, ओलं धोतर सावरत धावला आणि कान्हापुढं जाऊन उभा राहिला. "गोमा आला रं!" एकच कल्ला झाला. माणसं मागं बघायला लागली. धाकलू कुठाय?

धाकलू झाडीतून आला, एका हातात तांब्या, दुसरा पोटावर, वाकत वाकत.

"काय रं धाकलू?" कान्हानं विचारलं.

"काय सांगू," धाकलू म्हणाला. "आज अडलं बगा."

हसता हसता माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. "थोरल्या घरची पीडा धाकट्या घरला गेली!" कुणी तरी ओरडलं. धाकलू खाली मान घालून उभा होता आणि तोही हसत होता.

रीतीप्रमाणे जुन्या मानकऱ्यानं नव्याच्या खांद्यावर काठी द्यायची. धाकलूनं बुडी मारली, काठी उचलून आणली. वर्षभर तेल पिऊन ती तुळतुळीत झाली होती. गोमाच्या खांद्यावर ठेवताना त्याचा हात बांबूवरून लगेच निघाला नाही. अंगठा एकदा मागंपुढं फिरला, जसा पडवीत फिरायचा तसा. गोमानं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

हा खोटं बोलतोय. आधी हा मोकळा झाला होता, मी बघितलंय. एवढंच बोलायचं होतं. पंच समोर उभे होते, गुरव समोर होता, सगळा गाव ऐकायला होता. गोमाच्या ओठांपर्यंत ते आलं. आणि ओठ मिटूनच राहिले.

ढोल वाजला, काठी निघाली. टेकडीचा चढ गोमाला इतका सोपा कधीच गेला नव्हता. पोट हलकं, पाय हलके, दम लागण्याचं नाव नाही. महिनाभर धाकलूच्या मागं तो असेच चढ चढला होता. पुढं ढोल वाजवत कान्हा, त्याच्यामागं काठी घेऊन गोमा, आणि बाकी अख्खा गाव पार मागं धाकलूभोवती. त्यांचा हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. कुणी त्याला ओवा सुचवत होतं, कुणी एरंडेल, कुणी गोमाची ती खुर्ची. आणि धाकलू प्रत्येकाला काही तरी उलटं उत्तर देत होता, कारण पुन्हा पुन्हा हशा उसळत होता. गोमाला मागं वळून बघता येत नव्हतं. मान वळवली तर काठी कलली असती.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. काठी मिळाली होती, कायमची मिळाली होती. पोट साफ होतं. तरी गोमा जळत होता, आणि कुणावर, तर ज्याला गाव हसत होता त्याच्यावर. पोट एक वेळ चोरून खाल्लेल्या भाकरीनं सुधारतं. पण असं हसत हसत हरणं धाकलूच्या कुठल्या फडक्यातून चोरायचं, हे त्याला कळेना. आपल्याला ते या जन्मात जमायचं नाही, हे मात्र त्याला त्या चढावर स्वच्छ कळलं.

कान्हानं ढोल वाजवता वाजवता मागं पाहिलं. "काय रं गोमा? पोट बरं हाय ना?"

"हाय."

"मग त्वांड का असं झालंय? मान तुजा, काठी तुजी. का मागनं कुनाला बलवायचंय?"

गोमा थांबला. देऊळ जवळ आलं होतं. नुसती हाक मारायची होती, "धाकल्या, ये वर, ही घे" म्हणायचं होतं, आणि एक हात सैल सोडायचा होता. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि काठी दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली.

"नाय," तो म्हणाला. "चल म्होरं."